टॉर्टिया : मक्याच्या भाकरीचा इतिहास, तंत्र आणि पाकव्यवहार

सारांश

मेक्सिको व मध्य अमेरिकेतील मक्याची भाकरी, म्हणजेच टॉर्टिया, आज जगभर परिचित झाली आहे. मात्र तिच्यामागील तंत्र, सामाजिक इतिहास आणि आहारशास्त्र यांचा परिचय त्या मानाने मर्यादित आहे. प्रस्तुत लेखात मक्याच्या लागवडीचा आरंभ, धान्यावरील चुनासंस्काराची प्रक्रिया, या प्रक्रियेपासून विलग झालेल्या धान्याने घडविलेला पेलाग्रा रोगाचा इतिहास, दळणामागील स्त्रीश्रम, टॉर्टियाचे पाककलेतील उपयोग आणि अलीकडील बाजारव्यवस्था यांचा आढावा घेतला आहे. धान्य आणि ते खाण्याची विद्या या दोन गोष्टी एकत्र प्रवास करतीलच असे नाही, आणि त्यांची ताटातूट झाल्यास समाजाला त्याची मोठी किंमत मोजावी लागते, हे या विवेचनाचे मुख्य सूत्र आहे.

बीजसंज्ञा : टॉर्टिया, मका, चुनासंस्कार, पेलाग्रा, स्त्रीश्रम, अन्नसंस्कृती.

१. प्रस्तावना

कोणत्याही समाजाच्या आहारात एखादे अन्न असे असते की, त्याच्यावाचून जेवण झाले असे म्हणवत नाही. महाराष्ट्राच्या पठारी भागात हे स्थान ज्वारी-बाजरीच्या भाकरीला आहे, कोकणात ते भाताला आहे, तर मेक्सिकोत ते टॉर्टियाला आहे. ‘टॉर्टिया’ हा शब्द स्पॅनिश असून त्याचा अर्थ ‘लहान पोळा’ किंवा ‘चपटी वडी’ असा होतो. खुद्द स्पेनमध्ये याच शब्दाने अंडे व बटाटा यांपासून केलेला पदार्थ ओळखला जातो. सोळाव्या शतकात मेक्सिकोत पोहोचलेल्या स्पॅनिश लोकांनी तेथील मक्याच्या गोल, पातळ भाकरीला आपल्या भाषेतील हे जवळचे नाव दिले. अस्तेक लोकांच्या नाहुआत्ल भाषेत तिचे मूळ नाव ‘त्लाश्काल्ली’ असे होते. मेक्सिकोतील त्लाश्काला या राज्याचे नावही याच शब्दाशी जोडले जाते.

वरवर पाहता ही केवळ मक्याची भाकरी आहे. तथापि मक्याचे कोरडे पीठ पाण्यात कालवून थापल्यास टॉर्टिया होत नाही. धान्य दळण्यापूर्वी त्यावर होणारा चुन्याचा संस्कार हा तिचा प्राण आहे. या संस्कारामुळे पीठ थापण्याजोगे होते, चव बदलते आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे मक्यातील एक आवश्यक जीवनसत्त्व शरीराला उपलब्ध होते. म्हणूनच टॉर्टियाचा अभ्यास हा पाककृतीचा अभ्यास असण्याबरोबरच वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, आहारशास्त्र, इतिहास व अर्थशास्त्र यांच्या सीमारेषेवरील विषय ठरतो.

२. मक्याचा उगम आणि टॉर्टियाची उत्पत्ती

मका हे निसर्गात आपोआप टिकून राहणारे पीक नाही. त्याचे कणीस पानांच्या घट्ट वेष्टनात असते आणि दाणे कणसाला चिकटून राहतात. त्यामुळे माणसाने दाणे सोडवून पेरल्याशिवाय त्याचा वंश पुढे चालत नाही. मक्याचा पूर्वज ‘तेओसिंते’ हे एक रानगवत आहे. नैर्ऋत्य मेक्सिकोतील बाल्सास नदीच्या खोऱ्यात सुमारे ९,००० वर्षांपूर्वी या गवतापासून मक्याची निवड सुरू झाली, असे आनुवंशिक अभ्यासांवरून दिसून येते. गेरेरो राज्यातील एका शैलाश्रयात सापडलेले मक्याच्या स्टार्चचे सूक्ष्म कण सुमारे ८,७०० वर्षांपूर्वीचे असल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविण्यात आले. ओआहाका राज्यातील गिला नाकित्स गुहेत मिळालेली मक्याची बुरकुंडे ६,००० वर्षांहून अधिक जुनी आहेत.

मका आणि टॉर्टिया यांचा जन्म मात्र एकाच काळातला नाही. मक्याचे आरंभीचे उपयोग भाजलेले कणीस, लाह्या, कांजी आणि पानात गुंडाळून वाफवलेला ‘तामाल’ या स्वरूपाचे असावेत. टॉर्टियासाठी सपाट मातीचा तवा लागतो. या तव्याला ‘कोमाल’ म्हणतात. ओआहाकाच्या खोऱ्यात हे तवे साधारणपणे इ. स. पूर्व ५०० च्या सुमारास दिसू लागतात. हा काळ मोंते आल्बान या नगराच्या उदयाचा आहे. घरापासून दूर राबणाऱ्या माणसांना सोबत नेता येईल असे कोरडे, हलके व टिकाऊ अन्न आवश्यक झाल्यामुळे टॉर्टियाचा प्रसार झाला, अशी मांडणी काही पुरातत्त्वज्ञांनी केली आहे. याउलट अभिजात काळातील माया लोकांच्या सखल प्रदेशात कोमाल क्वचितच आढळतो. तेथील चित्रांत व लेखांत तामालचे प्राबल्य आहे. म्हणजे ‘प्राचीन मेक्सिकोचे अन्न टॉर्टिया’ हे विधान सर्व प्रदेशांना व सर्व काळांना सरसकट लागू करता येत नाही.

अस्तेक काळापर्यंत मध्य मेक्सिकोत टॉर्टिया हा आहाराचा कणा झाला होता. १५४० च्या दशकाच्या सुमारास तयार झालेल्या ‘मेंदोसा कोडेक्स’ या सचित्र हस्तलिखितात मुलांच्या वाढत्या वयानुसार त्यांना द्यावयाच्या टॉर्टियांची संख्या चितारलेली आहे. तिसऱ्या वर्षी अर्धी, चौथ्या व पाचव्या वर्षी एक, सहाव्या वर्षापासून दीड आणि तेराव्या वर्षी दोन असा हा क्रम आहे. तेरा वर्षांची मुलगी पाट्यावर मका वाटताना दाखविली आहे. भाकरीच्या संख्येवरून वय आणि दळणाच्या कामावरून मुलीचे जाणतेपण सांगणारे हे चित्र त्या समाजाविषयी बरेच काही सुचवून जाते. फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक बेर्नार्दिनो दे साआगुन यांनी नाहुआत्ल भाषिकांच्या साहाय्याने सिद्ध केलेल्या आणि १५७७ च्या सुमारास पूर्णत्वास गेलेल्या बृहद्ग्रंथातही टॉर्टियाचे अनेक प्रकार आणि बाजारातील टॉर्टिया-विक्रेत्यांचे गुणदोष नोंदविलेले आहेत.

३. चुनासंस्कार : प्रक्रिया आणि शास्त्र

मक्यावरील या संस्काराच्या फलिताला ‘निश्तामाल’ म्हणतात. नाहुआत्ल भाषेतील राख आणि तामाल या अर्थाच्या दोन शब्दांपासून हे नाव बनले आहे. चुन्याप्रमाणेच लाकडाची राखही या कामी वापरली जात असे, याची खूण नावातच राहिली आहे. या प्रक्रियेचे प्राचीन पुरावे ग्वाटेमालाच्या दक्षिण किनाऱ्यावर मिळाले असून ते साधारण इ. स. पूर्व १५०० ते १२०० या काळातील मानले जातात.

प्रक्रिया थोडक्यात अशी आहे. वाळलेला मका पाण्यात घालून त्यात धान्याच्या वजनाच्या सुमारे एक टक्का विरलेला चुना मिसळतात. हे मिश्रण काही काळ शिजवून तसेच रात्रभर भिजत ठेवतात. सकाळी पिवळसर झालेले पाणी ओतून देऊन दाणे चोळून धुतात. त्या वेळी वरची साल सुटून निघते. धुतलेले दाणे ओलेच वाटतात. वाटलेल्या मऊ गोळ्याला ‘मासा’ म्हणतात. त्याचे लहान गोळे करून तळहातांवर थापतात किंवा दोन फळ्यांच्या दाबयंत्रात दाबतात आणि तापलेल्या तव्यावर भाजतात. पहिली बाजू अल्पकाळ, दुसरी त्याहून अधिक आणि पुन्हा पहिली, असा भाजण्याचा रिवाज आहे. शेवटच्या वेळी टॉर्टिया फुगली की ती नीट साधली असे समजतात.

महाराष्ट्रीय वाचकाला ही कृती अर्धी ओळखीची आणि अर्धी अनोळखी वाटेल. ज्वारी, बाजरी व मका यांपैकी कोणत्याच धान्यात गव्हातील ग्लूटेन नसते. त्यामुळे पीठ एकसंध कसे ठेवायचे, हा प्रश्न दोन्हीकडच्या गृहिणींपुढे सारखाच होता. महाराष्ट्रात तो कढत पाण्याने सोडविला गेला. गरम पाण्यामुळे पिठातील स्टार्चचा काही भाग शिजतो आणि भाकरी थापता येते. तांदळाच्या भाकरीसाठी तर पिठाची उकडच काढली जाते. मेक्सिकोत हाच प्रश्न चुन्याने सुटला. अल्कलीमुळे सालीतील हेमिसेल्युलोज विरघळून डिंकासारखे चिकट होते, स्टार्च अंशतः फुगतो आणि कॅल्शियममुळे गोळ्याला बांधणी येते. मासाला येणारा विशिष्ट गंध व चवही याच संस्कारातून निर्माण होते.

आहारशास्त्राच्या दृष्टीने या संस्काराचे चार परिणाम विशेष महत्त्वाचे आहेत. पहिला परिणाम नियासिन या ‘ब’ गटातील जीवनसत्त्वाशी संबंधित आहे. मक्यात नियासिन असते, परंतु ते अन्य घटकांशी बद्ध असल्याने पचनसंस्थेला मिळत नाही. अल्कलीच्या सान्निध्यात हा बंध सुटतो. दुसरा परिणाम कॅल्शियमचा होय. चुन्यातील कॅल्शियम दाण्यात मुरते. दूध कमी मिळणाऱ्या ग्रामीण मेक्सिकोत टॉर्टिया हा कॅल्शियमचा प्रमुख स्रोत राहिला आहे. तिसरा, बुरशीमुळे धान्यात निर्माण होणाऱ्या अफ्लाटॉक्सिन व फ्युमोनिसिन या विषांचे प्रमाण घटते, जरी ते पूर्णतः नष्ट होत नाही. चौथा, खनिजांच्या शोषणात अडथळा आणणाऱ्या फायटेटचे प्रमाण काहीसे कमी होते. मक्याच्या प्रथिनांत लायसिन व ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लांची उणीव असते. ती चुन्याने भरून निघत नाही. ती भरून काढण्याचे काम टॉर्टियासोबत नित्य खाल्ल्या जाणाऱ्या घेवडावर्गीय कडधान्याने केले. आपल्याकडे भाकरीसोबत पिठले किंवा उसळ येते त्यामागेही हाच मेळ आहे.

प्रथिनांची हीच उणीव बियाण्यातच दूर करण्याचा प्रयत्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. मेक्सिकोतील आंतरराष्ट्रीय मका व गहू सुधार केंद्रात भारतीय वंशाचे पैदासकार सुरिंदर वसल आणि मेक्सिकन जीवरसायनशास्त्रज्ञ एव्हानहेलिना व्हियेगास यांनी लायसिन व ट्रिप्टोफॅन यांचे प्रमाण वाढविलेला गुणवत्तापूर्ण प्रथिनांचा मका विकसित केला. या कार्याबद्दल त्यांना २००० सालचा जागतिक अन्न पुरस्कार देण्यात आला.

४. धान्याचा प्रवास आणि विद्येची ताटातूट

कोलंबसाच्या सफरींनंतर मका अल्पावधीत जगभर पसरला. कमी श्रमात व कमी जमिनीत भरघोस उत्पन्न देणारे हे पीक स्पेन, उत्तर इटली, बाल्कन प्रदेश आणि आफ्रिका येथे रुजले. भारतात ते पोर्तुगीजांच्या संपर्कातून आले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. मात्र बियाण्यासोबत चुनासंस्काराची विद्या गेली नाही. युरोपीय लोकांच्या दृष्टीने मका हे इतर धान्यांसारखेच एक धान्य होते. ते दळावे आणि शिजवून खावे, एवढीच त्यांची समजूत होती. मेक्सिकोतील स्त्रिया ते चुन्यात का शिजवितात, याचा विचार करण्याची गरज त्यांना भासली नाही.

याचे परिणाम गरिबांना भोगावे लागले. १७३५ मध्ये स्पेनमधील आस्तुरियास प्रांतात गास्पार कासाल या वैद्याने एका विलक्षण रोगाची नोंद केली. उन्हाला उघड्या पडणाऱ्या त्वचेवर लाल-काळे चट्टे, अतिसार, बुद्धिभ्रंश आणि अखेर मृत्यू अशी त्याची लक्षणे होती. इटलीत १७७१ मध्ये फ्रान्सेस्को फ्रापोल्ली यांनी या रोगासाठी ‘पेलाग्रा’ म्हणजे ‘खरखरीत कातडी’ हे नाव प्रचारात आणले. मक्याची ‘पोलेंता’ ही घट्ट कांजी हेच ज्यांचे मुख्य अन्न होते, अशा उत्तर इटलीतील शेतमजुरांत हा रोग दीर्घकाळ ठाण मांडून बसला. मका आणि पेलाग्रा यांचा संबंध लक्षात आला होता. परंतु सडलेला मका, विष किंवा संसर्ग अशी कारणे त्यासाठी पुढे केली जात होती.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत या रोगाने उग्र रूप धारण केले. १९०६ ते १९४० या काळात तेथे सुमारे ३० लाख लोकांना पेलाग्रा झाला आणि सुमारे १ लाख लोक मृत्युमुखी पडले, असा अंदाज नेहमी दिला जातो. मक्याचे पीठ, काकवी आणि डुकराची चरबी एवढाच त्या भूमिहीन कुळांचा व गिरणी-कामगारांचा आहार होता. १९१४ मध्ये डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांच्याकडे या रोगाचा तपास सोपविण्यात आला. अनाथालये व मनोरुग्णालये यांतील रुग्णांना रोग होतो, पण त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना होत नाही, या निरीक्षणावरून त्यांनी हा रोग संसर्गजन्य नसून आहारजन्य आहे असा निष्कर्ष काढला. आहार सुधारून रोग थोपविता येतो आणि आहार मर्यादित ठेवून तो उत्पन्न करता येतो, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवून दिले. तरीही या मताला प्रखर विरोध झाला. कारण रोगाचे मूळ दारिद्र्यात आहे, ही कबुली त्यातून अपरिहार्यपणे द्यावी लागत होती. १९३७ मध्ये कॉनरॅड एल्व्हेजेम यांनी निकोटिनिक आम्लाचे, म्हणजेच नियासिनचे महत्त्व सिद्ध केल्यावर या प्रश्नावर पडदा पडला.

भारताच्या दृष्टीने या इतिहासाला एक जवळचा पदर आहे. दख्खनच्या पठारावर मका नव्हे तर ज्वारी हे मुख्य अन्न असलेल्या गरीब लोकांतही पेलाग्रा आढळत असे. हैदराबाद येथे डॉ. सी. गोपालन व डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये या रोगाचा संबंध ज्वारीतील ल्युसीन या अमिनो आम्लाच्या अधिक प्रमाणाशी जोडला. ल्युसीनविषयीच्या या मांडणीवर पुढे वाद झाला. परंतु एकाच धान्यावर गुजराण करणाऱ्या कष्टकऱ्यांचा आहार हा वैद्यकाचा विषय आहे, ही गोष्ट त्या संशोधनाने अधोरेखित केली. पेलाग्रा हा केवळ गतकाळातील रोग नव्हे. १९९० मध्ये मलावीत आश्रय घेतलेल्या मोझांबिकच्या निर्वासितांत १८ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. त्यांच्या शिध्यात मका होता, मात्र नियासिन पुरविणाऱ्या भुईमुगाचा पुरवठा खंडित झाला होता.

५. गहू आणि मका : अन्नाची प्रतिष्ठा

मेक्सिकोतील स्पॅनिश राजवटीने गव्हाला प्रतिष्ठा दिली. ख्रिस्ती धर्मविधीतील प्रसादाची भाकरी गव्हाचीच असावी लागे. त्यामुळे गव्हाचा पाव हे राज्यकर्त्यांचे आणि टॉर्टिया हे मूळनिवासी जनतेचे अन्न, असा भेद रूढ झाला. स्वातंत्र्यानंतरही हा भेद मिटला नाही. १८९९ मध्ये फ्रान्सिस्को बुल्नेस या मेक्सिकन लेखक-राजकारण्याने मानवजातीची गहू, तांदूळ व मका खाणाऱ्यांच्या तीन वंशांत विभागणी केली आणि मक्याला मूळनिवासींच्या मागासलेपणाचे कारण ठरविले. भूमीची असमान वाटणी हा खरा प्रश्न असताना दोष ताटातील भाकरीवर ढकलला गेला.

या समजुतीला शास्त्रीय आधार नव्हता. १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मेस्किताल खोऱ्यातील ओतोमी लोकांच्या आहाराच्या पाहणीत टॉर्टिया, रानभाज्या व पारंपरिक पेये यांवर जगणाऱ्या या अत्यंत गरीब समाजाचे पोषण अपेक्षेपेक्षा पुष्कळच चांगले असल्याचे दिसून आले. ज्वारी-बाजरीला ‘भरड’ धान्य म्हणून दुय्यम लेखणाऱ्या समाजाला या प्रकरणातून बोध घेण्यासारखा आहे.

उत्तर मेक्सिकोत मात्र वेगळाच समन्वय घडला. सोनोरा, सिनालोआ आदी प्रदेशांत गहू चांगला पिकू लागल्याने तेथे गव्हाचे पीठ व चरबी यांपासून टॉर्टिया होऊ लागली. सोनोरात ती हातांवर ताणून रुमाली रोटीसारखी मोठी व अतिशय पातळ केली जाते. ‘बुरितो’ हा पदार्थ याच गव्हाच्या परंपरेतील आहे. अमेरिकेत आणि तेथून जगभर जी टॉर्टिया प्रथम पोहोचली, तीत गव्हाच्या या प्रकाराचा वाटा मोठा आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या पंजाबी शेतकऱ्यांपैकी अनेकांनी मेक्सिकन स्त्रियांशी विवाह केले. पोळी आणि टॉर्टिया यांच्या साम्यामुळे या घरांतील स्वयंपाकाला एक समान भूमी मिळाली.

६. पाट्यापासून यंत्रापर्यंत : स्त्रीश्रमाचा इतिहास

टॉर्टियाच्या गौरवात जी बाजू अनेकदा झाकली जाते ती दळणाऱ्या हातांची होय. मका वाटण्याच्या दगडी पाट्याला ‘मेताते’ म्हणतात. तो तीन पायांवर किंचित उतरता ठेवलेला असतो आणि स्त्री त्यापुढे गुडघे टेकून दोन्ही हातांनी वरवंटा पुढे-मागे चालविते. ओला मासा फार काळ टिकत नाही. त्यामुळे हे काम रोजच करावे लागे. एका कुटुंबासाठी रोज चार ते सहा तास यात जात असत. इतिहासकार आर्नल्ड बाउअर यांनी १९९० मध्ये या विषयाचा चिकित्सक अभ्यास प्रसिद्ध केला. युरोपात पाणचक्क्या व पवनचक्क्यांनी दळण घराबाहेर नेले, पण मेक्सिकोत ते शतकानुशतके स्त्रियांच्या गुडघ्यांवरच राहिले, हे त्यातून स्पष्ट होते. कोरडे धान्य दळणाऱ्या युरोपीय गिरण्या ओल्या निश्तामालाला उपयोगी नव्हत्या, हेही त्याचे एक तांत्रिक कारण होते.

निश्तामाल वाटणाऱ्या गिरण्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून शहरांत आणि १९२० च्या दशकानंतर खेड्यांत पोहोचू लागल्या. त्यांचे स्वागत एकमुखाने झाले नाही. गिरणीतील पिठाला पाट्याची चव नाही, दळणाला पैसे पडतात आणि बायका गिरणीवर जमून वेळ घालवितात, अशा पुरुषांच्या तक्रारी होत्या. स्त्रियांनी मात्र गिरणीची बाजू घेतली. लासारो कार्देनास यांच्या कारकिर्दीत (१९३४-४०) अनेक ठिकाणी स्त्रियांच्या संघटनांना गिरण्या चालविण्यास देण्यात आल्या. सुटलेल्या वेळेत काहींनी शिवण, विणकाम व छोटा व्यापार सुरू केला, तर मुलींना शाळेत जाणे शक्य झाले. महाराष्ट्रातील पहाटेचे जाते आणि पिठाची गिरणी यांच्या इतिहासाशी याचे साम्य उघड आहे. जात्याबरोबर ओव्या मागे पडल्या ही हळहळ खरी असली, तरी जाते ओढणारीच्या खांद्यांचा विचारही तितकाच आवश्यक ठरतो.

पुढचा टप्पा भाजण्याच्या यंत्राचा होता. १९४७ च्या सुमारास फाउस्तो सेलोरिओ यांनी विकसित केलेल्या यंत्राने थापणे व भाजणे ही कामे सलगपणे होऊ लागली आणि गल्लोगल्ली ‘तोर्तियेरिया’ म्हणजे टॉर्टियाची दुकाने निघाली. १९४९ मध्ये नुएव्हो लेओन राज्यात ‘मासेका’ या कोरड्या निश्तामाल पिठाच्या उद्योगाची सुरुवात झाली. पाणी घातले की मासा तयार, अशी ही सोय होती. मात्र तिच्यामुळे भाकरीची सूत्रे घराकडून आणि गल्लीतील गिरणीकडून मोठ्या उद्योगाकडे सरकू लागली.

७. पाकव्यवहारातील उपयोग

टॉर्टिया एकाच वेळी अन्न, ताट, चमचा आणि वेष्टन अशी चारही कामे करते. घरगुती जेवणात गरम टॉर्टिया कापडात गुंडाळून दुरडीत ठेवल्या जातात आणि तिच्या तुकड्याने कडधान्य किंवा रस्सा उचलून खाल्ला जातो. तिच्या उपयोगांची विभागणी ताजेपणानुसार केल्यास त्यातील काटकसर लक्षात येते.

अगदी ताज्या टॉर्टियात सारण ठेवून दुमडले की ‘ताको’ होतो. त्यासाठी भाजलेले मांस, मासे, घेवडा, बटाटा किंवा रानभाजी असे काहीही चालते. ‘अल पास्तोर’ हा लोकप्रिय ताको लेबनॉनमधून आलेल्या स्थलांतरितांच्या उभ्या सळईवर मांस भाजण्याच्या पद्धतीतून जन्मला. चीज घालून दुमडलेली व भाजलेली ती ‘केसादिया’. तिच्या सारणात भोपळ्याची फुले घालतात, तसेच मक्याच्या कणसावर येणारी काणीही घालतात. शेतकरी ज्याला रोग समजून उपटून टाकतो ती काणी मेक्सिकोत ‘हुइत्लाकोचे’ या नावाने आवडीने खाल्ली जाते. मासाचाच थोडा जाड गोळा थापून, कडा उचलून ‘सोपे’ करतात, तर घेवड्याचे सारण भरलेला लांबट ‘त्लाकोयो’ आपल्या सारणाच्या पोळीची आठवण करून देतो.

एक दिवसाची टॉर्टिया रसात बुडविण्यास योग्य ठरते. मिरचीच्या रसात बुडवून, सारण भरून गुंडाळलेली ती ‘एन्चिलादा’, तर घेवड्याच्या रसातील ती ‘एनफ्रिहोलादा’. युकातानमध्ये भोपळ्याच्या बियांच्या रसात बुडवून, उकडलेल्या अंड्याचे सारण भरलेला ‘पापाद्सुल’ प्रसिद्ध आहे. त्याहून शिळ्या टॉर्टियाचे तुकडे तळून हिरव्या किंवा लाल रसात मुरवले की ‘चिलाकिलेस’ होतात. शिळ्या भाकरीला फोडणी देणाऱ्या मराठी घराला त्यामागील बुद्धी निराळी समजावून सांगण्याची गरज नाही. अख्खी तळलेली ती ‘तोस्तादा’, तळलेले तुकडे ते ‘तोतोपो’, सूपमध्ये घातले की टॉर्टियाचे सूप, आणि करपवून वाटले की ‘मोले’ या घट्ट रस्स्याला दाटपणा आणणारे वाटण. अशा रीतीने टॉर्टियाचा कोणताच भाग वाया जात नाही.

प्रादेशिक वैविध्यही मोठे आहे. ओआहाकातील ‘त्लायुदा’ ही ताटाएवढी मोठी, कडक टॉर्टिया बरेच दिवस टिकते. पांढऱ्या, पिवळ्या, निळ्या व लाल मक्याच्या टॉर्टियांची चव व पोत भिन्न असतो. मेक्सिकोत मक्याचे ६४ वाण-गट नोंदलेले असून त्यांपैकी ५९ स्थानिक मानले जातात. हे वैविध्य शेतकऱ्यांनी टिकविले ते बहुतांशी खाण्यासाठीच. अमुक वाण टॉर्टियाला, तमुक लाह्यांना, तिसरा पेयाला, अशा पसंतीतून बियाणे जपले गेले. १९८५ मध्ये मेक्सिकोचे अंतराळवीर रोदोल्फो नेरी वेला यांनी अंतराळात टॉर्टिया नेल्या. तुकड्यांचा भुगा उडत नसल्याने पावापेक्षा त्या तेथे अधिक सोयीच्या ठरल्या आणि पुढे अंतराळवीरांच्या आहारात कायम झाल्या.

८. बाजार, राज्यसंस्था आणि टॉर्टिया

मेक्सिकोत टॉर्टियाचा भाव हा राजकीय विषय आहे. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या ‘कोनासुपो’ या सरकारी संस्थेमार्फत मक्याची हमी खरेदी व सवलतीचा पुरवठा होत असे. १९९४ मध्ये उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार करार लागू झाला आणि १९९९ पर्यंत ही संस्था व टॉर्टियावरील सर्वसाधारण अनुदान दोन्ही संपुष्टात आले. अमेरिकेतील अनुदानित मक्याची आयात वाढली आणि लहान शेतकरी अडचणीत आला. अमेरिकेत मक्यापासून इथेनॉल करण्याचा वेग वाढल्यावर मक्याचे भाव चढले व २००६-०७ मध्ये टॉर्टिया महागली. १८ जानेवारी २००७ रोजी राष्ट्राध्यक्ष फेलिपे काल्देरोन यांनी उद्योगांशी करार करून किलोमागे ८.५० पेसो ही मर्यादा जाहीर केली. तरीही महिनाअखेर मेक्सिको शहरात हजारो लोक रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी ‘मका नाही तर देश नाही’ या आशयाची चळवळ सुरू झाली.

२०१० मध्ये युनेस्कोने मेक्सिकोची पारंपरिक पाकपद्धती मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत समाविष्ट केली. २०२० मध्ये स्थानिक मक्याच्या संरक्षणासाठी संघराज्याचा कायदा झाला. फेब्रुवारी २०२३ च्या आदेशाने टॉर्टिया व मासासाठी जनुकीय बदल केलेल्या मक्याच्या वापरास बंदी घातली. अमेरिकेने त्यास आव्हान दिले आणि डिसेंबर २०२४ मध्ये व्यापार-तंटा मंडळाचा निर्णय मेक्सिकोच्या विरोधात गेला. त्यानंतर मार्च २०२५ मध्ये मेक्सिकोने अशा मक्याच्या लागवडीवरील बंदी थेट राज्यघटनेत समाविष्ट केली.

सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रातही टॉर्टियाने एक प्रश्न उपस्थित केला. अमेरिकेत १९९८ पासून गव्हाच्या समृद्ध पिठात फॉलिक आम्ल मिसळणे बंधनकारक झाले. त्यामुळे अर्भकांतील मेंदू व मज्जारज्जूच्या जन्मजात व्यंगांचे प्रमाण घटले. परंतु मासा-पीठ या नियमाबाहेर राहिले आणि टॉर्टिया खाणाऱ्या लॅटिन अमेरिकी वंशाच्या मातांना त्याचा पुरेसा लाभ झाला नाही. २०१६ मध्ये मासा-पिठात फॉलिक आम्ल मिसळण्यास परवानगी मिळाली, पण ती ऐच्छिक होती. अखेर कॅलिफोर्निया राज्याने २०२४ मध्ये कायदा करून २०२६ पासून ते अनिवार्य केले. धोरणकर्त्यांनी ‘भाकरी’ म्हणजे गव्हाचा पाव असे गृहीत धरल्याने एका समाजाची बालके जवळजवळ तीन दशके संरक्षणाबाहेर राहिली.

९. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) टॉर्टिया ही मका, चुना, पाटा व तवा यांच्या संयोगातून सिद्ध झालेली एक पूर्ण तंत्रव्यवस्था आहे. त्यातील चुनासंस्कार हा तिचा गाभा होय.

(२) ही विद्या निरक्षर मानल्या गेलेल्या स्त्रियांच्या हाती होती. म्हणून ती ‘विद्या’ आहे हेच बाहेरच्यांच्या लक्षात आले नाही. पेलाग्राचा दोन शतकांचा इतिहास ही या दुर्लक्षाची किंमत आहे.

(३) परंपरेचा गौरव करताना तिच्यातील श्रमाचा भार कोणी वाहिला, हा प्रश्न टाळता येत नाही. गिरणीने चवीत काही उणे केले असेल, पण स्त्रियांचा दिवस त्यांना परत दिला.

(४) मुख्य अन्नाचा भाव, बियाणे आणि पीठ यांवर कोणाचे नियंत्रण असावे, हा प्रश्न लोकशाहीतील मूलभूत प्रश्नांपैकी एक आहे.

महाराष्ट्रात मक्याचे क्षेत्र वाढत असले तरी त्याचा मोठा वाटा कुक्कुटखाद्य, पशुखाद्य व उद्योग यांकडे जातो. सातपुड्याच्या परिसरात मात्र मक्याची भाकरी आदिवासींच्या रोजच्या आहारात आहे. भरड धान्यांकडे नव्याने लक्ष वळत असताना केवळ धान्याचा पुरस्कार पुरेसा ठरणार नाही. ते धान्य पिढ्यान्‌पिढ्या खाणाऱ्यांनी ते कसे भिजविले, कसे कांडले, कशासोबत खाल्ले आणि का, याची पद्धतशीर नोंद होणे आवश्यक आहे. गृहविज्ञान, रसायनशास्त्र, इतिहास व मराठी या विभागांनी एकत्र येऊन आपल्या परिसरातील अशा पद्धतींचे संकलन केल्यास विद्यार्थ्यांना घरातील चुलीजवळच संशोधनाचा विषय सापडेल, आणि उद्या एखादे धान्य दूरदेशी गेले तर त्याची विद्याही त्याच्याबरोबर पाठविता येईल.